जुन्या २८ इंची दांड्याच्या सायकलीची फिक्सी: फ्रीव्हील वेल्ड करून चालेल का?

अमळनेर_दांडी

राम राम मंडळी. घरात २८ इंची दांड्याची जुनी सायकल पडून आहे. रॉडचे ब्रेक, कॉटर पिनचे (एक्सलवर पाचरीने बसणारे) क्रँक, पुढे ४४ दाती चेनव्हील, मागे १८ दाती फ्रीव्हील (पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारं चक्र). फ्रेम सरळ आहे, गंज वरवरचा आहे. तिची फिक्स्ड गिअर, म्हणजे फिक्सी करायची आहे: चाक फिरतं तोवर पेडलही फिरतं, मध्ये थांबवता येत नाही.

इथला मिस्त्री म्हणतो, फ्रीव्हील वेल्ड करून देतो, अर्ध्या तासाचं काम. दुसरा रस्ता म्हणजे ट्रॅक हब, म्हणजे फिक्सीसाठीचा हब मागवायचा. पण तो ३२ नाहीतर ३६ छिद्रांचा मिळतो आणि माझ्या मागच्या रिमला ४० छिद्रं आहेत. मग दोन्ही चाकं ७००सी (रेसिंग सायकलीच्या मापाची) करावी लागतील का? चालवणार अमळनेर-चोपडा, अमळनेर-धुळे, कधी पारोळ्याकडे. घाट नाही. ब्रेक ठेवायचे की काढायचे, आणि गिअर किती ठेवायचा, तेही सांगा.

पाना_पंधरा

वेल्ड करू नका. का नाही ते नीट सांगतो, म्हणजे मिस्त्रीलाही पटवता येईल.

फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसतं. व्यास १.३७ इंच, इंचाला २४ आटे, सरळ आटे. पेडल पुढे मारलं की ते आणखी आवळत जातं, म्हणूनच जुनं फ्रीव्हील काढायला व्हाइस लागतो. फिक्सीत पायाने मागे रेटून वेग कमी करायचा असतो. तेव्हा चेन उलट्या बाजूने ओढते आणि तोच ओढा चक्र हबवरून सोडवायला लागतो. मिस्त्रीने फ्रीव्हीलच्या आतला फिरणारा भाग तेवढा वेल्ड केला, तर आटे तसेच राहतात. पहिल्या जोरदार रेट्याला अख्खं फ्रीव्हील सुटून फिरेल आणि पायातला ब्रेक नेमका गरजेच्या वेळी जाईल.

मग तो म्हणेल, हबलाच टाका मारतो. त्याने सुटणार नाही, पण चार नवी दुखणी येतील. उष्णतेने हबमधल्या कपाचं पाणी (कडकपणा) उतरतं, मग छर्रे त्यात खड्डे पाडतात. चक्र किंचित जरी एका बाजूला सरकून वेल्ड झालं, तरी चेन अर्ध्या फेरीत तंग आणि अर्ध्या फेरीत सैल राहते, आणि ते पुढे कशानेच दुरुस्त होत नाही. उजव्या बाजूचा आरा तुटला तर नवा घालता येत नाही, कारण चक्र काढल्याशिवाय तो फ्लँजमधून (हबच्या छिद्रांच्या चकतीतून) ओवताच येत नाही. शिवाय हबवर जस्ताचा किंवा क्रोमचा मुलामा असतो, वेल्डिंगमध्ये त्याचा धूर विषारी.

ट्रॅक हबवर आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. आतली मोठी, तीच १.३७ गुणिले २४, सरळ आट्यांची. तिच्यावर दाती चक्र बसतं. बाहेरची थोडी लहान, १.२९ गुणिले २४, उलट्या आट्यांची. तिच्यावर लॉकरिंग, म्हणजे चक्र अडवून धरणारी रिंग. मागे रेटलं की चक्र सुटायला बघतं आणि जाताजाता लॉकरिंगला आपल्याबरोबर फिरवतं. पण लॉकरिंगचे आटे उलटे, त्यामुळे ती त्याच फिरण्याने आवळते आणि चक्राला अडवते. फिक्सीचं सगळं इंजिनिअरिंग या एका पायरीत आहे.

एक जुगाड सगळीकडे सांगितला जातो, म्हणून आधीच बोलतो. बी.बी.च्या (क्रँकचा एक्सल फिरतो त्या बेअरिंगच्या) डाव्या कपाची लॉकरिंगही १.३७ गुणिले २४ असते, ती साध्या हबवर चक्राच्या मागे आवळायची आणि आट्यांना लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) लावायचं. बसते छान, पण तिचे आटे सरळ आहेत, म्हणजे सुटायची दिशा चक्राचीच. दोघं मिळून सुटतात. लेथवर साध्या हबला उलटे आटे पाडून घेण्याच्याही नादी लागू नका, बाहेरची पायरी उतरवायला तिथे पुरेसं लोखंड नसतं.

लॉकरिंग शक्यतो हबच्याच कंपनीची घ्या. काही इटालियन आणि फ्रेंच हबचे आटे वेगळे असतात, पहिले दोन आटे जातात आणि मग मुलायम अल्युमिनियम कापलं जातं.

तापीकाठ

४० छिद्रांच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच सायकलीत आहे. दांड्याच्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात. म्हणजे त्याच मापाची पुढच्या चाकाची नवी रिम घ्या, ती ३२ छिद्रांची येते, आणि ३२ छिद्रांच्या ट्रॅक हबवर मागे बांधा. पुढचं चाक आहे तसंच राहू द्या. टायर-ट्यूब तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतात. ७००सीचं टायर चोपड्याच्या रस्त्यावर फाटलं तर जळगाव गाठावं लागेल.

आऱ्यांची लांबी अंदाजाने घेऊ नका. दोन जुने आरे घ्या, समोरासमोरच्या छिद्रांतून निपल लावून रिमच्या आत ताणून धरा आणि निपलच्या डोक्यापासून डोक्यापर्यंत माप घ्या. तो रिमचा कामाचा व्यास. हबच्या फ्लँजवर समोरासमोरच्या छिद्रांमधलं अंतर आणि दोन फ्लँजमधलं अंतर मोजा. एवढी मापं आणि तीन क्रॉस (एक आरा दुसऱ्या तीन आऱ्यांना छेदतो) म्हणून सांगितलं की कुठल्याही स्पोक कॅल्क्युलेटरवर लांबी निघते. आरे १४ गेजचे, म्हणजे २ मिमी जाडीचे. निपल रिमच्या छिद्रात सैल वाटलं तर खाली वायसर टाका. ट्रॅक हबचे दोन्ही फ्लँज मधापासून जवळपास सारख्या अंतरावर असतात, त्यामुळे डिश (रिम एका बाजूला ओढणं) जवळजवळ द्यावी लागत नाही आणि दोन्ही बाजूंचा ताण सारखा येतो. आऊट (चाकाचं डुलणं) काढायला हे चाक फ्रीव्हीलच्या चाकापेक्षा सोपं.

७००सीकडे जाण्याआधी एक हिशेब करा. तुमच्या रिमचं माप ६३५ मिमी, टायर साधारण ४० मिमी, म्हणजे चाकाचा व्यास ७१५. ७००सी म्हणजे ६२२, त्यावर २८ चं टायर घातलं तर ६७८. त्रिज्येत १८ मिमीहून जास्त फरक पडतो आणि बी.बी. तेवढीच जमिनीकडे येते. साध्या सायकलीवर वळताना आतलं पेडल वर धरून पाय थांबवता येतो. फिक्सीत पेडल फिरतच राहणार, ते वळणावर टेकलं की मागचं चाक उचललं जातं. ७००सी करायचंच असेल तर ३८ चं टायर घाला, मग फरक साडेआठ मिमीवर येतो.

लळिंग_चढ

वरच्या दोघांशी बाकी सगळं सहमत, पण पुढचं चाक रॉडच्या ब्रेकसकट आहे तसंच ठेवण्याशी नाही. क्रोमच्या रिमवर ओला रबर पॅड फार कमी पकडतो. पावसाळ्यात धुळे रोडवर समोर एसटी थांबली तर अंतर कमी पडेल. माझं मत, पुढचं चाक तरी अल्युमिनियम रिमचं ७००सी करा आणि लांब पोचेचा (खालपर्यंत पोचणारा) कॅलिपर, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी धरणारा ब्रेक लावा. चिमट्याच्या मुकुटातल्या (दोन्ही पाय जुळतात त्या भागातल्या) छिद्राच्या मध्यापासून रिमच्या घासणाऱ्या पट्टीच्या मध्यापर्यंत मोजा. ५५ ते ७३ मिमी पोचेचे कॅलिपर मिळतात, साध्या रेसिंग सायकलीचा ४९ पर्यंतच पोचतो. मुकुटात आरपार छिद्र नसेल तर हा बेत सोडा, तिथे ड्रिल मारून चिमटा कमजोर करू नका.

ब्रेक काढायचा प्रश्नच येऊ देऊ नका. वेलोड्रोमवर (सायकल शर्यतीच्या बंद ट्रॅकवर) ब्रेक नसतात, कारण तिथे सगळे एकाच दिशेने जातात आणि कुणी अचानक थांबत नाही. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या ट्रॅकवर जे चालतं ते अमळनेरच्या बाजारात चालणार नाही. वेग कमी करताना वजन पुढच्या चाकावर जातं आणि मागचं हलकं होतं. पायाने कितीही रेटलं तरी मागच्या चाकाची पकड तेवढीच. खरं थांबवणारा पुढचा ब्रेक. चेन उतरली किंवा तुटली तर पायाचा उपयोग शून्य, तेव्हा तर तोच एक उरतो.

गिअरचं सांगतो. ४४/१८ आणि तुमचं २८ इंची चाक धरलं तर पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण ५.५ मीटर जाते. ताशी ३० किमीला मिनिटाला ९१ फेऱ्या. ४४/१६ केलं तर ६.२ मीटर आणि ८१ फेऱ्या. सपाटीवर १६ चं चक्र मोहात पाडतं, पण तुमच्याकडे घाट नसला तरी वारा आहे. साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगाच नाहीत. मे-जूनमध्ये पश्चिमेकडून वारा सुटला की धुळ्याकडे जाताना गिअर उतरवायची सोय फिक्सीत नसते. १८ घ्या, फार तर १७. १६ नको.

उतारावरचं गणितही याच आकड्यांतून निघतं. ४४/१८ वर ताशी ४५ म्हणजे मिनिटाला १३७ फेऱ्या. सवय नसलेला माणूस तिथे सीटवर उडायला लागतो. पुढे कधी लळिंग किंवा कन्नड घाटाकडे वळलात तर उतार सुरू होण्याआधीपासून ब्रेक धरून वेग बांधा. वेग चढल्यावर पाय तो धरू शकत नाहीत.

अमळनेर_दांडी

खूप आभार. ट्रॅक हबच घेतो, पुढचं चाक सध्या आहे तेच ठेवतो आणि मुकुटातलं छिद्र बघून कॅलिपरचं ठरवतो. आज मोजमाप घेतलं. मागचं चाक बसतं त्या फ्रेमच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर आतून १११ मिमी आहे, हब १२० चा. एक्सलची खाच ९.५ मिमी, हबचा एक्सल १० चा. चेनव्हील क्रँकलाच पक्कं आहे, वेगळं होत नाही. कॉटर चालतील का?

पाना_पंधरा

खाच कानशीने वाढवा, दोन्ही पट्ट्यांची सारखी. एक्सल दोन्हीकडे टोकापर्यंत समान सरकला पाहिजे. रंग आणि गंज आधी काढा, कधी कधी त्यातच पाव मिमी निघतो.

१११ आणि १२० मधला फरक दोन मार्गांनी भरून निघतो. हबच्या चेकनटखाली (एक्सलवरच्या आतल्या नटखाली) स्पेसर असतील तर ते काढून हब ११५-११६ पर्यंत आणता येतो, मात्र दोन्हीकडून सारखे काढा, नाहीतर चाक मधात राहणार नाही. उरलेलं फ्रेम फाकवून. स्टीलची आहे म्हणून हे करायचं, अल्युमिनियमची असती तर हात लावू नका म्हटलं असतं. तुमच्या फ्रेमच्या मागच्या वरच्या दांड्या बोल्टने जोडलेल्या असतील तर आधी ते बोल्ट सैल करा. एक लांब आट्याचा रॉड, दोन नट, दोन जाड वायसर. खाचेत अडकवून नट हळूहळू बाहेर फिरवा. स्टील परत मागे येतं, त्यामुळे १२० हवे असतील तर १२० च्या बऱ्याच पुढे न्यावं लागतं. दरवेळी दोन-तीन मिमी वाढवून सोडा आणि मोजा.

मग दोरा लावा. एका खाचेतून निघून पुढे हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या खाचेत. सीट ट्यूबपासून दोऱ्यापर्यंतचं अंतर डावीकडे आणि उजवीकडे सारखं हवं. बहुतेक वेळा एकच बाजू जास्त वाकते. तसं झालं तर दुसरी बाजू स्वतंत्र ओढून बरोबरीला आणा. हे सोडलं तर चेन चक्रावर तिरपी चढेल आणि दोन बाजूंची झीज वेगळी होईल.

तिरपेपणाचं माप वेगळंही घ्या. ट्रॅक हबवर चक्राचे दात सायकलीच्या मधल्या रेषेपासून ४२ मिमीवर येतात. पुढच्या चेनव्हीलचे दातही तेवढ्यावर हवेत. मिमी-दोन मिमी चालतं. त्याहून जास्त असेल तर बी.बी. एक्सल बदला. साध्या सायकलीत चेन थोडी तिरपी असली तर आवाज करते, फिक्सीत उतरते. आणि उतरून मागच्या चक्रात अडकली तर चाक जागेवर लॉक होतं.

कॉटर चालतील, पण अर्धवट बसलेले नाही. साध्या सायकलीत पिनवर जोर एकाच दिशेने येतो, फिक्सीत दोन्हीकडून, म्हणून थोडी ढिलाई असली तरी टक-टक सुरू होते आणि पिनची चपटी बाजू खाल्ली जाते. नव्या पिना आणा. चपट्या बाजूला मार्कर लावून घालून बघा आणि काढा. रंग फक्त टोकाला पुसला गेला असेल तर कानशीने त्या बाजूचा उतार जुळवा, पूर्ण लांबीवर घासला पाहिजे. दोन पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, नाहीतर दोन्ही क्रँक सरळ रेषेत येत नाहीत. ठोकताना क्रँकखाली जाड पाइपचा तुकडा उभा करून आधार द्या. नाहीतर हातोडीचा मार बी.बी.च्या छऱ्यांवर जातो. पिन हातोडीने बसवायची, नट फक्त धरून ठेवण्यापुरता. नटने ओढायला गेलात की पिनेचे आटे निघतात. पहिल्या वीस-तीस किलोमीटरनंतर पुन्हा एकदा ठोकून नट आवळा.

चेनव्हील पक्कं आहे म्हणजे ते थोडंफार उत्केंद्री असणारच, ते मधात आणता येत नाही. म्हणून पेडल हळूहळू फिरवून चेन जिथे सर्वात तंग होते ती जागा शोधा आणि ताण तिथे लावा. त्या जागी मधोमध बोट ठेवून वरखाली केलं तर एकूण १० ते १२ मिमी हलली पाहिजे. तिथे कडक ठेवलीत तर बेअरिंग रडतात, आणि सैल जागी वीस मिमीच्या वर झोल आला तर चेनव्हील बदलायची वेळ आली. चेन १/८ ची घ्या, चक्रही १/८ चं. जोडाच्या कडीची क्लिप असेल तर तिचं बंद तोंड चेन पुढे जाते त्या दिशेला हवं. एक्सल खाचेच्या मधल्या भागात येत नसेल तर हाफ लिंक (अर्धी कडी) घाला. पूर्ण जोडी काढली तर एक्सल साधारण १२.७ मिमी सरकतो, हाफ लिंकने ६.३.

सराटा

टायरचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

शेतरस्त्यांवर बाभळीचे काटे आणि सराटे दोन्ही आहेत. टायर आणि ट्यूबच्या मध्ये पट्टी टाका आणि चाक काढलं की टायरच्या आतून बोट फिरवून तुटका काटा शोधा. पंक्चर काढून काटा आतच राहतो, हीच नेहमीची तक्रार. फिक्सीत मागचं चाक काढायला १५ नंबरचा पाना जवळ हवाच, शिवाय चाक परत बसवताना चेनचा ताण दरवेळी नव्याने लावावा लागतो.

उन्हाची भीती अवाजवी घेतली जाते. सकाळी २५ अंशाला ५० पाउंड हवा भरली आणि दुपारी हवा ४५ अंशाला पोचली, तर दाब फक्त चार-साडेचार पाउंडांनी वाढतो. त्याने टायर फुटत नाही. सोल्युशनचं पॅच मात्र तापून सुटतं, म्हणून सायकल भर उन्हात उभी करू नका.

मागचं चाक लॉक करून घसरवायची हौस असेल तर दातांचा भागाकार बघा, दरवेळी तोच पाय पुढे धरला असं समजून. ४४/१८ संक्षेप करून २२/९ होतो, म्हणजे टायर नऊ वेगवेगळ्या जागी झिजतं. ४४/१७ ला सतरा जागा. ४४/१६ म्हणजे ११/४, फक्त चार. कुणी ४८/१६ सुचवलं तर नकोच म्हणा, तो ३/१ आहे, दरवेळी टायरची तीच एक जागा घासते आणि कापड दिसायला लागतं.

काळ्या जमिनीत पावसाळ्यात उतरू नका. मडगार्ड आणि टायरमध्ये चिखल भरला की चाक थांबतं, आणि चाकाबरोबर पेडलही थांबतं.

अमळनेर_दांडी

चक्र बसवायला चेन व्हिप (चक्र धरायचा चेनचा पाना) नाही माझ्याकडे. आणि पेडल रबरी आहेत, चालतील?

पाना_पंधरा

रबरी पेडल बदला. त्यांना क्लिप-पट्टा नीट बसत नाही आणि पाय सुटला की फिरतं पेडल नडगीवर येतं. पिंजऱ्याची पेडल, टो-क्लिप (पंजा धरणारी क्लिप), चामडी किंवा नायलॉनचा पट्टा. पहिले काही दिवस पट्टा सैल ठेवा आणि मोकळ्या मैदानावर चढण्या-उतरण्याचा सराव करा. उतरताना पेडल थांबत नाही हे पायाला कळायला वेळ लागतो.

चेन व्हिप नसली तरी चक्र बसतं. हबच्या आट्यांना ग्रीस लावा, चक्र हाताने शेवटपर्यंत फिरवा. बी.बी.च्या नळीला जाड कापड गुंडाळा, चाक फ्रेममध्ये सैल ठेवून चेनचा एक तुकडा चक्रावर घाला आणि त्याचं दुसरं टोक नळीभोवती असं वळवा की चाक मागे फिरवलं की चेन चक्राला धरून ठेवेल. आता चाक दोन्ही हातांनी मागच्या दिशेला फिरवा. चक्र जागेवर, हब फिरतो, चक्र आवळतं. चाकाची त्रिज्या मोठी, त्यामुळे व्हिपपेक्षा जास्त जोर मिळतो. दिशा आधी हलक्या हाताने तपासा, उलट झाली तर सुटेल.

मग लॉकरिंग हुक पान्याने, डावीकडे फिरवून आवळा. पहिल्यांदा चालवताना एक-दोन किलोमीटर चढावर किंवा उभं राहून पुढे जोर द्या, मागे अजिबात रेटू नका. चक्र आणखी थोडं बसतं आणि लॉकरिंगपासून सुटं होतं. घरी येऊन लॉकरिंग पुन्हा आवळा. त्यानंतरच पायाने ब्रेक मारायला सुरुवात करा.

एक शेवटचं, चेन पुसण्याबद्दल. सायकल उलटी ठेवून चाक फिरवत फडक्याने चेन पुसायची सवय साध्या सायकलीवर निभते. इथे फडकं अडकलं तर बोट आत जातं, कारण चेन थांबतच नाही. चाक उभं, चेन स्थिर, एक वीत पुसा, मग पुढे सरकवा. धोतर, पायजमा, ओढणी घालून बसणाऱ्या कुणालाही ही सायकल चेन कव्हरशिवाय देऊ नका.